चार शॉकअप आणि दोन जावई

चंदगडहून कोल्हापूरला लोक अंबाबाईला जातात, कोर्टाला जातात, दवाखान्याला जातात. मी गाडीचे शॉकअप (रस्त्याचे हादरे झेलणाऱ्या, चाकांजवळच्या तेलाच्या नळ्या) बदलायला गेलो. शॉकअप खरंच गेले होते, त्यात खोटं नाही. पण ते जाऊन दोन वर्षं उलटली होती आणि मी तसाच गाडी हाणत होतो. आत्ताच निघालो, कारण पोटात दुखत होतं. साडूच्या गाडीमुळं.

साडू म्हणजे सुरेश. माझ्या बायकोच्या, शालनच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. कबनूरचा. मी काजू आणि फणस वाहायला पांढरी पिकअप घेतली, तर वर्षाच्या आत त्यानं मागावरचं कापड वाहायला तीच, तसलीच, पांढरीच पिकअप दारात उभी केली. त्यानं गाडीत पंखा लावला. मी दोन लावले, आणि बॅटरी उतरल्यावर नेसरीच्या चढाला गाडी ढकलली. त्यानं सीटला गुलाबी फुलांचं कव्हर शिवलं. मी आत असा जाड स्पंज भरून घेतला की माझं डोकं टपाला टेकायला लागलं. तेव्हापासून मी गाडी जरा वाकून चालवतो. लोकांना वाटतं, वय झालं.

इथवर ठीक होतं. भानगड झाली ती मामींमुळं (आमच्याकडं जावई सासूला मामीच म्हणतो). मामी मलकापूरला एकट्या राहतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना माझ्या गाडीतून चंदगडला आणलं. उतरल्यावर त्या दार धरून बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि नंतर सगळ्या पाहुण्यांत सांगत सुटल्या, "थोरल्या पावण्यांच्या गाडीत बसायचं म्हंजे जात्यात पडायचं." तेव्हापासून त्या आमच्याकडं आल्या नाहीत. दिवाळीत मात्र सुरेशच्या गाडीतून कबनूरला गेल्या आणि आठ दिवस राहिल्या.

तुम्ही म्हणाल, एसटी नाही का? आहे. पण जावयाच्या दारात चारचाकी उभी असताना सासू एसटीनं आली, तर जावयाचं नाक राहत नाही. सगळी आळी विचारते. म्हणून मामी एसटीनं येत नव्हत्या, आणि माझी गाडी त्यांच्या कमरेला सोसत नव्हती. शालन यावर एक अक्षर बोलली नाही. फक्त आईची गोधडी दर महिन्याला उन्हात घालायची, झटकायची आणि परत कपाटात ठेवायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा अधिक महिना उन्हाळ्यात आला. मामींनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं (धोंडे म्हणजे पुरण भरलेले कणकेचे गोळे, अधिकात ते जावयाला वाढायचे असतात). वर फोनवर म्हणाल्या, "जेवणं झाली की मी एका लेकीकडं ऱ्हायला जाणार. कुणाकडं, ते गाड्या बघून ठरवू."

शालन दोन दिवस आधीच आईच्या मदतीला निघाली. मी म्हणालो, थांब, गाडी नीट करून एकत्रच जाऊ.

"तुमी करा नीट," ती पिशवी उचलत म्हणाली. "मी एसटीनं जाते. मला कंबर एकच हाय."

मग मी एकटाच निघालो. सकाळी काजूच्या कारखान्यांचा टरफलं जळाल्याचा वास रस्त्यावर असतो. आपल्याला तो रोजचा, पण परत येताना त्याच वासानं गाव आल्याचं कळतं. नेसरी, गडहिंग्लज झालं. गाडी रिकामी होती आणि रिकामी पिकअप शॉकअपशिवाय कशी चालते ते बसल्याशिवाय कळायचं नाही. खड्डा मागं पडतो, गाडी मात्र अजून त्याच खड्ड्यात असल्यासारखी वरखाली होत राहते. तरी मी वेग कमी केला नाही. मलकापूरला मला सुरेशच्या आधी पोचायचं होतं.

संकेश्वरला पाट्या कानडी होतात. तिथं टपरीवर चहाला थांबलो. चहावाला माझ्या गाडीकडं बघत होता.

"नाचत आली की तुमची गाडी, पावणं."

"शॉकअप गेलेत. कोल्हापूरला बदलायला चाललोय."

"मग तितपत्तोर निधान होग्री (सावकाश जावा) की. घाई कशाला?"

घाई कशाला, हे त्याला सांगायचं तर साडूपासून सुरुवात करावी लागली असती. मी चहा ढोसला आणि पुन्हा तसाच निघालो. निपाणीच्या पुढं हमरस्ता गुळगुळीत आहे. तिथं मला उगीच वाटलं की गाडी बरी आहे, परत फिरावं. कागल सोडल्यावर एका पुलाच्या सांध्यावर गाडी अशी उडाली की डोकं टपाला आपटलं आणि तो विचार निघून गेला.

कोल्हापुरात उद्यमनगर म्हणजे लोखंडाची पेठ. लेथ, वेल्डिंग, रंग, टायर, सगळं एकाला एक चिकटून, आणि माणसं एकमेकांशी हातोड्याच्या वरच्या आवाजात बोलतात. मी अशोक मिस्त्रीचं गॅरेज शोधलं. कारण सुरेश त्याच्याकडंच गाडी दाखवतो. त्याच्या गाडीला जे घातलंय तेच, तसलंच, त्याच हातानं मला घालून हवं होतं.

गॅरेजच्या दारात एक पांढरी पिकअप चारी चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. सीटला गुलाबी फुलं.

"या दाजी," सुरेश गाडीमागून पुढं आला. चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"तू हितं कसा?"

"ऑइल बदलायला आलतो." ऑइल बदलायला चारी चाकं काढतात हे मला नवीनच होतं. "आनि तुमी?"

"हवा भरायला."

"चंदगडात हवा मिळंना झाली व्हय?" आतून मिस्त्रीचा आवाज आला. अशोक मिस्त्री म्हणजे पोट सुटलेला, झुबकेदार मिशांचा, अख्ख्या गल्लीला आपण एकट्यानंच गाडी शिकवली असं मानणारा माणूस. तो बाहेर आला, त्यानं माझ्या बंपरवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली, आणि तो हाताची घडी घालून ती कधी थांबते ते बघत राहिला. मग खाली वाकला.

"कंपनीतनं आलेलंच हायत की अजून. तेल सगळं रस्त्याला पाजलंसा. रबराचं पीठ झालंय. आता ह्या नळ्या परसात कारल्याचा वेल चढवायला बऱ्या." उठताना त्यानं सुरेशच्या गाडीकडं बोट केलं. "त्यांच्या पण अश्शाच. काय चंदगड, काय कबनूर."

त्या क्षणी मला जे बरं वाटलं ते लिहिण्यासारखं नाही, तरी लिहितो. गरम पोळीवर तुपाची धार पडावी तसं वाटलं. सुरेशच्या गाडीचेही गेलेले. दिवाळीत मामी ज्या गाडीतून गेल्या, त्या गाडीचेही.

पण तूप लगेच थिजलं. मिस्त्री म्हणाला, "ह्या मॉडेलचा चारचा एकच सेट हाय माझ्याकडं. उद्यमनगरात दुसरा न्हाय, काल हिंडून आलोय. पुण्यातनं यायला आठवडा जाईल."

"मी आधी आलोय," सुरेश म्हणाला.

"मी थोरला हाय," मी म्हणालो.

"जावा, मिसळ खाऊन ठरवून या," मिस्त्री म्हणाला. "हितं भांडू नगासा, गिऱ्हाइकं बघत्यात."

कोपऱ्यावरच्या मिसळीच्या दुकानात आम्ही समोरासमोर बसलो. सुरेशनं जादा कट मागितला (कट म्हणजे रश्श्यावर तरंगणारा तिखटजाळ लाल तवंग). मग मीही मागितला. त्यानं आणखी मागितला. माझं चंदगडच्या भातावर वाढलेलं पोट, पण थांबणार कसा? दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाण्याच्या ग्लासाला कुणीच आधी हात लावेना. शेवटी वाढप्या म्हणाला, "पावणं, कुणी वारलंय का?"

तिखटानं तोंडं सैल झाली. सुरेश नाक पुसत म्हणाला, "दिवाळीत मामी आमच्याकडं आठ दिस ऱ्हाईल्या ते काय हौसंनं न्हवं. कमरंला पट्टा बांधून निजून हुत्या. वर मला म्हणाल्या, थोरल्या पावण्यांच्या गाडीत निदान सीट तरी मऊ हाय."

म्हणजे माझा स्पंज त्याला सलत होता. सहा महिने मी त्याच्यावर जळत होतो आणि तो कबनूरात बसून माझ्यावर. इथं आम्ही गळ्यात गळा घालून हसलो असतो तर हे प्रवासवर्णन इथंच संपलं असतं. पण उलट झालं. तो माझ्यावर जळतोय हे कळल्यावर तर मला सेट त्याला देववेनाच.

"दाजी, वाटून घिऊया," तो म्हणाला. "मागलं दोन तुमी घ्या. पुढलं दोन मला."

मला लगेच शंका आली. मामी पुढं बसणार, मग पुढचे ह्याला कशाला? मी म्हणालो, मला पुढचे हवेत.

"घ्या की," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला घाम फुटला. म्हणजे खरी करामत मागच्या दोघांत असणार. मी म्हणालो, नको, मागचेच दे. आणि असा मी स्वतःच्या हुशारीनं जिथून निघालो तिथंच परत आलो.

मिस्त्रीनं ऐकलं आणि पाना खाली ठेवला. "अरं, ही काय भावकीतली वाटणी हाय व्हय? आर्धी म्हस तुझी, आर्धी माझी? एका गाडीला चारी बसवा. न्हाईतर दोनीबी गाड्या बोंबलणार."

"दोन-दोनच बसवा," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. लग्न झाल्यापासून आमचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

माझे मागचे जुने नट गंजून एकजीव झाले होते. मिस्त्रीनं पान्याला लांब पाइप लावला आणि त्यावर उभा राहिला, तेव्हा एक सुटला. दुसरा तुटला. जुना शॉकअप हातात घेऊन मी दाबला, तर तो आत गेला तो गेलाच, बाहेर यायचं नावच नाही. नव्याची दांडी पट्टीनं दाबून बांधलेली होती. ती पट्टी कशाला म्हणून मी शॉकअप मांडीवर धरून कापली. दांडी सावकाश, पण कुणाच्या बापाला न जुमानता वर आली आणि माझ्या दुसऱ्या हातातला चहाचा कप शर्टावर उपडा केला. सुरेशनं तेवढ्यात फोटो काढला. तो फोटो आता सगळ्या पाहुण्यांकडं आहे.

मग मी सूड म्हणून त्याच्या गाडीला लावलेल्या ग्रीसवर लक्ष ठेवलं. त्याला एक बोट जास्त लागलं की मी मलाही लावायला लावायचो. शेवटी मिस्त्रीनं ग्रीसचा डबाच आमच्या दोघांच्या मधे आणून ठेवला आणि तो हात धुवायला निघून गेला.

दुपार कलताना आम्ही रत्नागिरी रस्त्याला लागलो. उजव्या हाताला उसाची शेतं, डावीकडं पन्हाळ्याचा डोंगर, वाघबिळाच्या वळणांवर थंड वारा. असा सुरेख रस्ता, आणि मी सगळा वेळ पुढं चाललेल्या सुरेशच्या गाडीचं बूड बघत होतो. त्याची पुढची चाकं शहाण्यासारखी चालली होती आणि मागचा हौदा टणाटण उडत होता. मला फार गोड वाटलं. बांबवड्याला त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मला पुढं जायची खूण केली. आरशात बघतो तर तो हसत होता. माझी गाडी मागून घट्ट बसली होती आणि पुढून, ब्रेक दाबला की, नंदीबैलासारखी मान हलवत होती.

मलकापूरला दिवेलागणीला पोचलो. दुसऱ्या दिवशी जेवण. मामी ठेंगण्या, काटक, आणि त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. दोघांना पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि ताटात दोन-दोन धोंडे वाढले. वर तूप. मी सुरेशच्या ताटात नीट बघितलं. दोनच होते. धारही सारखीच. तेवढ्यावर माझं जेवण सुखाचं झालं.

हात धुतल्यावर मामींनी तांब्या काठोकाठ भरला आणि अंगणात आल्या. मागं शालन आणि तिच्यासारखीच एसटीनं आधी आलेली तिची बहीण मंगल, सुरेशची बायको.

"चला पावणं. स्टँडपत्तोर जाऊन येऊ."

आधी माझ्या गाडीत बसल्या. तांब्या मांडीवर, दोन्ही हातांत. मी जन्मात चालवली नसेल इतकी जपून गाडी चालवली. पण कोपऱ्यावर एक कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, गाडीनं खाली मान घातली आणि पाणी मामींच्या पायांवर गेलं. परत आल्यावर त्या उतरल्या. तांब्या परत भरून सुरेशच्या गाडीत बसल्या. मी अंगणात उभा राहून, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात त्या कुत्र्याला हाका मारत होतो. कुत्रं आलं नाही. पण पतपेढीसमोरच्या गतिरोधकावर सुरेशचं बूड उडालं, आणि मामी परत आल्या तेव्हा पदर चिंब होता.

मामी उंबऱ्यावर बसल्या. पदर पिळला.

"हे बगा. तुमच्या गाडीचं टकुरं हालतंय आणि ह्यांच्या गाडीचं बूड. दोघांनी काय वाटून घेतलंसा ते मंगलनं फोटोसकट सांगितलंय मला." आम्ही खाली बघितलं. "मी एसटीनं जाते. थोरलीकडं."

"मामी, आसं कसं?" मी म्हणालो. "दारात गाडी असताना तुमी एसटीनं गेला तर लोक काय म्हणतील?"

"एकाच्या दारात आसती तर म्हटलं आसतं. आता दोन गाड्या दारात आणि मी एसटीत. अपमान दोघांचा सारखाच झाला. कुणी कुणाकडं बघून जळायचं कारण न्हाय."

सुरेशनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. खरंच सारखाच झाला होता. दोघांनाही जरा हलकंच वाटलं.

"आनि थोरलीकडंच जायाचं हुतं मला," मामी उठत म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. गाडी बघून ठरवते म्हटलं ते तुमी गाड्या नीट कराव्यात म्हणून. नीट करा म्हटलं तर वाटणी करून आला."

शालन आत गेली आणि आईची पिशवी घेऊन लगेच बाहेर आली. पिशवी आधीच भरलेली होती.

मलकापूर ते कोल्हापूर असा प्रवास तुम्ही केला नसेल. पुढं लाल एसटी, तिच्यात मामी आणि दोन्ही लेकी. मागं मी, माझ्या मागं सुरेश. मंगलला घेऊन तो सरळ घरी जाऊ शकला असता, पण वाटेत मामी माझ्या गाडीत बसणार नाहीत याची त्याला खात्री करायची होती. एसटी थांबली की आम्ही थांबायचो. बांबवड्याला मागच्या खिडकीतून शालननं हात केला. ती खिडकीत हसत होती. तिला असं हसताना मी किती दिवसांनी बघत होतो.

कोल्हापूरच्या स्टँडवर मामी चंदगडच्या गाडीत चढल्या. सुरेश खिडकीखाली उभा राहिला.

"पुढल्या म्हयन्यात आमच्याकडं, मामी."

"येते की. एसटीनं."

तिथून तो आणि मंगल कबनूरला गेले आणि मी एकटा एसटीच्या मागं लागलो. कागल, निपाणी, संकेश्वर. चहावाल्यानं हात वर करून काहीतरी विचारलं. गाडीचं डोकं अजून हलतच होतं, पण पुढं एसटी असल्यानं मला पळवता येत नव्हती, आणि गंमत म्हणजे सावकाश चालवल्यावर ते इतकं हलत नव्हतं. ही गोष्ट मी सुरेशला सांगितलेली नाही. सांगणारही नाही. तो माझ्या आधीच सावकाश चालवायला लागला तर?

गडहिंग्लज सोडलं, नेसरी गेली, आणि काजूच्या टरफलांचा वास आला. चंदगडच्या स्टँडवर एसटी थांबली. मामी पायऱ्या उतरल्या त्या कुणाचाही हात न धरता. मलकापूरहून भरून आणलेला तांब्या हातात होता. त्यांनी तो ड्रायव्हरसमोर धरला.

"थेंब सांडला न्हाय बघ लेकरा."

ड्रायव्हर पंचविशीतला असेल, लाजला. मी मात्र एसटीच्या मागच्या चाकाशी वाकलो. हिला असले कुठले शॉकअप आहेत ते मला बघायचं होतं. खाली अंधार होता, काही दिसेना, म्हणून आणखी वाकलो, आणि माझ्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. तसाच राहिलो. वाकलेला. शालननं आणि कंडक्टरनं मला दोन बाजूंनी धरून घरी आणलं. पिकअप स्टँडवरच राहिली.

आता आठ दिवस झालेत. मामींसाठी जपलेली गोधडी माझ्या अंगाखाली आहे. मामी बाहेर पडवीत बसून फणसाचे गरे काढतात, मायलेकींचं बोलणं सकाळी सुरू होतं ते दिवे लागले तरी थांबत नाही. मधेच मामी आत येऊन माझ्या कमरेला गरम तेल लावतात आणि म्हणतात, "जात्यात पडल्यावर आसंच हुतंय, पावणं." मिस्त्रीचा फोन आला होता, दुसरा सेट आलाय म्हणून. मी म्हणालो, सुरेशला विचार. तो म्हणाला, त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय.

घर भरलेलं आहे. शालन काम करताना गुणगुणते आहे. प्रवासाचं सार्थक झालं असं म्हणून मी इथं थांबायला हरकत नव्हती. पण पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दिवशी स्टँडवर, मी एसटीखाली वाकलेलो असताना, मामींनी पिशवीतला डबा उघडून त्या ड्रायव्हरच्या हातावर धोंडे ठेवले. मी खालून मोजले. तीन होते.